बेलग्रेव्ह रोडची कासारीण

सुप्रभाताई लेस्टरला आली २००५ साली, आणि पुढची अकरा वर्षं तिनं इथल्या मराठी माणसांना आपले वडील बार्शीला ‘व्यापारी’ होते एवढंच सांगितलं. कसला व्यापार, असं कुणी विचारलंच तर ती हसून म्हणायची, “असंच, जनरल,” आणि स्वयंपाकघरात निघून जायची. मंडळाच्या कार्यक्रमांना ती नेहमी स्वयंपाकघरातच असायची. तिचा नवरा शशिकांत बेलग्रेव्ह रोडवरच्या एका शाकाहारी रेस्टॉरंटमध्ये शेफ. त्यामुळे मंडळाचं जेवण त्याच्याकडून यायचं आणि वाढायचं काम आपोआप सुप्रभाताईच्या वाट्याला. शहराबाहेरच्या ऑडबीहून मोठ्या गाड्यांतून येणाऱ्या डॉक्टरमंडळींना आणि आयटीतल्या मुलामुलींना तिचं नाव कळायलाच दोन-तीन वर्षं लागली असतील.

मला मात्र ती पहिल्यापासून माहीत होती. मी बेलग्रेव्ह रोडवरच्या एका फार्मसीत काम करते आणि शेजारी हंसाबेनचं साडीचं दुकान आहे. सुप्रभाताई तिथे साड्यांच्या घड्या घालायची, फॉल लावायची, नवरात्रात चनियाचोळ्यांचे ढीग उपसायची. दुपारी गिऱ्हाईक कमी झालं की ती माझ्याकडे खोकल्याच्या गोळ्या घ्यायच्या निमित्तानं मराठी बोलायला यायची. मी पुण्याची, ती बार्शीची. मी तिला ताई म्हणायला लागले आणि लवकरच अगं-तुगं करायला लागले. तरीही तिनं मला कधी घरचं फारसं सांगितलं नाही.

ते सगळं बाहेर आलं वैभवीच्या डोहाळजेवणात.

वैभवी नागपूरची. नवऱ्याच्या नोकरीपायी इथे येऊन तिला जेमतेम दीड वर्ष झालं होतं. सातवा महिना लागला तेव्हा तिची आई नागपूरहून आली आणि येताना हिरव्या काचेच्या बांगड्या घेऊन आली, रद्दी पेपरात गुंडाळून, साड्यांच्या मधे ठेवून. एकही फुटली नव्हती. फेब्रुवारीतला रविवार होता. एका शाळेचा हॉल घेतला होता, हीटर नावापुरता चालू होता, आणि वैभवी फुलांची वाडी घालून खुर्चीवर बसली होती.

पण बांगड्या जाईनात. आईनं लग्नातल्या मापाच्या आणल्या होत्या, आणि सातव्या महिन्यात मुलीचे हात सुजले होते. एकीनं वॉशिंग-अप लिक्विड आणलं. दुसरीनं प्लास्टिकची पिशवी हातावर चढवून बघितली. तिसरी, दिसायला नाजूक पण जोरकस बाई, तिनं दाबून एक बसवायचा प्रयत्न केला आणि बांगडी कट्‌कन तुटली. अंगठ्याच्या बुडाशी रक्त आलं. दुसरीही तशीच गेली. तेव्हा वैभवी रडायला लागली. “काही होत नाही गं, काच आहे ती,” असं आम्ही सगळ्या म्हणत होतो, पण कुणालाच ते बरं वाटलेलं नव्हतं.

सुप्रभाताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात पुऱ्यांची चाळण होती. तिनं चाळण टेबलावर ठेवली, नळाखाली हात धुतले, पदराला पुसले आणि सरळ पुढे येऊन वैभवीसमोर जमिनीवर मांडी घालून बसली.

“साबण पुसून टाक आधी,” ती म्हणाली. “हात माझ्या मांडीवर ठेव. सैल सोड. तुझा नसल्यासारखा.”

मग तिनं वैभवीचा तळवा आपल्या हातात घेतला आणि नुसता चोळत बसली. बोटांची पेरं एकेक करून दाबली. अंगठा हलकेच तळव्यात मुडपला. तोंडानं मात्र भलतंच चालू होतं. नागपुरात घर कुठे, संत्र्याची बर्फी कुठली चांगली, नवरा घोरतो का. वैभवीला शेवटच्या प्रश्नाला हसू आलं, आणि त्या हसण्यात पहिली बांगडी मनगटावर गेलेली होती. आम्हाला कुणालाही ती जाताना दिसली नाही. मग दुसरी. मग तिसरी. दोन्ही हात भरून झाले तेव्हा हॉलमध्ये हीटरचा आवाज ऐकू येत होता.

रीतीप्रमाणे वैभवी वाकून तिच्या पाया पडायला लागली. “पोट सांभाळ,” म्हणत सुप्रभाताईनं तिला वरच्यावर धरलं.

“अहो, हे कुठे शिकलात तुम्ही?” एका डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

आता ती ‘असंच’ म्हणेल, असं मला वाटलं. तिनं आधी फुटलेल्या काचा वेचल्या, एका कागदावर ठेवल्या. मग म्हणाली, “आईकडे. आम्ही कासार. वडील लवकर गेले. माझी आई बार्शीच्या आसपासच्या खेड्यांत दारोदार फिरून बांगड्या भरायची. मी तिची पेटी धरायचे.”

कुणी काही वाईट बोललं नाही. आणि तेवढ्यात मधुमतीकाकूंनी आपला हात पुढे केला.

मधुमतीकाकू म्हणजे आमच्या मंडळातल्या सगळ्यांत जुन्या. साठच्या दशकात नर्स म्हणून आलेल्या, तेव्हा शहात्तर वर्षांच्या. “मला पण भर,” त्या म्हणाल्या. “पन्नास वर्षं झाली कुणी माझ्या हातात बांगडी भरून. राहिल्यात ना चार?”

अडचण अशी होती की काकूंचे यजमान जाऊन बारा वर्षं झाली होती, आणि हे हॉलमध्ये सगळ्यांना माहीत होतं. वैभवीची आई खाली बघायला लागली. बांगड्या हिरव्या होत्या, डोहाळजेवणाच्या होत्या.

त्या मिनिटात आपल्या मनात काय आलं, ते सुप्रभाताईनं मला नंतर सांगितलं. ती नऊ-दहा वर्षांची असताना एका खेड्यात तिची आई ओसरीवर बसून बायकांचे हात भरत होती. घरातली धाकटी सून, विशीतली, जरा लांब बसून बघत होती. हात पदराखाली. सगळ्या गेल्यावर ती जवळ आली आणि म्हणाली, “दोनच घाला मावशी, कुठल्याही रंगाच्या.” आईनं पेटी बंद केली. “नको गं बाई, मला बोल लागंल,” असं म्हणाली आणि उठली. त्या रात्री आई जेवली नाही.

सुप्रभाताईनं वैभवीकडे बघितलं. “देऊ का गं यातल्या?”

वैभवीनं डोळे पुसत मान हलवली. “द्या ना. काकूंनी माझ्या पहिल्या स्कॅनला हात धरला होता माझा.”

तेव्हा सुप्रभाताईनं काकूंचा हात मांडीवर घेतला. दोन बायका उठून स्वयंपाकघरात गेल्या. बाकीच्या थांबल्या. वैभवीच्या आईनं, आपण होऊन, उरलेल्या बांगड्या पुढे सरकवल्या.

त्यानंतरच्या आठवड्यात सुप्रभाताईचा फोन वाजायला लागला. कुणाच्या बहिणीचं लग्न, कुणाची मंगळागौर, कुणाच्या शेजारणीचा साखरपुडा. आधी मराठी, मग गुजराती, मग बर्मिंगहॅमची एक पंजाबी नवरी. ती घरी बोलवायची आणि बैठकीच्या खोलीत भरून द्यायची. सगळ्यांचा एकच प्रश्न असायचा, “दुकान कुठे आहे तुमचं?”

तिनं हंसाबेनना विचारलं. मी तिथेच होते. हंसाबेन नऊ वर्षांच्या असताना युगांडातल्या कंपालाहून आईवडिलांबरोबर एका सूटकेसनिशी इथे आलेल्या. बोलायला कडक, पण माणूस पारखणाऱ्या.

“हवे काचनी बंगडी कोण पहेरे?” त्यांनी हात उडवला. आता काचेची बांगडी घालतंय कोण? “मुलींना मेटलचा सेट पाहिजे, बॉक्समध्ये. मॅचिंग. काच फुटली, कुणाच्या हाताला लागली, तर इन्शुरन्सवाले मला पकडणार.”

“दाराजवळची तीन फूट जागा द्या. दिवाळीपर्यंत बघा. नाही चाललं तर मी आहेच घड्या घालायला.”

“ना, सुप्रभाबेन. ना.”

सुप्रभाताई वाद घालत नाही. तिनं पिशवीतून जांभळ्या बांगड्यांचा जोड काढला आणि बोलता बोलता हंसाबेनचा हात हातात घेतला. हंसाबेन काच किती धोक्याची आहे ते सांगत राहिल्या. सांगून संपलं तेव्हा त्यांच्या डाव्या मनगटावर सहा बांगड्या होत्या. त्यांनी हात हलवून आवाज ऐकला. परत हलवला.

“दिवाळीपर्यंत,” त्या म्हणाल्या.

दिवाळीपर्यंत समोरच्या दोन खुर्च्या कमी पडायला लागल्या होत्या. रस्त्यावर दिव्यांची रोषणाई, फुटपाथवर माणसांची रेटारेटी, आणि हंसाबेनच्या दारात बायका हात बाहीतून मोकळे करून उभ्या. बांगड्या भरायला आलेल्या बायका साड्याही बघायच्या, हे हंसाबेननी पहिल्याच आठवड्यात ताडलं होतं. मग जागेचा विषय निघालाच नाही.

मधे वीस सालची महामारी आली. लेस्टरचं टाळं इतर शहरांपेक्षा जास्त दिवस राहिलं. आणि उघडल्यावरही माणसाच्या हाताला हात लावायचा नाही म्हटल्यावर कासारणीनं करायचं काय? सुप्रभाताईनं सव्वा वर्ष एका गोदामात खोकी चिकटवली. शशिकांतचं रेस्टॉरंट बंद होतं ते पुन्हा उघडलं नाही, तो एका शाळेच्या किचनमध्ये लागला. त्या दिवसांबद्दल ती फार बोलत नाही. फक्त एकदा म्हणाली, “अर्चना, मला लोकांचे चेहरे नाही आठवले गं. हात आठवले.”

पुन्हा काउंटर उघडला त्या सकाळी पहिल्या आल्या त्या मधुमतीकाकू, मास्क लावून, सॅनिटायझरची बाटली बरोबर घेऊन.

आता खरी गोष्ट सांगते.

इतक्या वर्षांत सुप्रभाताईनं बार्शीत आपल्या आईला यातलं काहीच सांगितलं नव्हतं. द्वारकाबाईंच्या समजुतीनं लेक लंडनजवळ एका साडीच्या शोरूममध्ये मॅनेजर होती. आईनं ऊन-पाऊस न बघता पायपीट केली ती मुलीला बारावीपर्यंत शिकवायला, हा धंदा तिच्या हातून सुटावा म्हणून. मुलीचं लग्न ठरवताना तिची एकच अट होती, की सासरी कासारकीचं काम नसावं. अशा आईला फोनवर कसं सांगणार? व्हिडिओ कॉल आला की सुप्रभाताई काउंटरपासून चार पावलं लांब, भारी साड्यांच्या रॅकसमोर जाऊन उभी राहायची.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात द्वारकाबाई व्हिजिटर व्हिसावर आल्या. अठ्ठ्याहत्तरीच्या, काटक, नऊवारीवर जावयाचं जाकीट घालून फिरणाऱ्या. दहा दिवस सुप्रभाताईनं सुट्टी काढली. आईला पार्क दाखवलं, बस दाखवली, स्वामीनारायण मंदिर दाखवलं. बेलग्रेव्ह रोडवरून बस जायची तेव्हा ती आईला दुसऱ्या बाजूच्या खिडकीशी बसवायची.

हे बिंग फोडलं शाल्मलीनं. ती सुप्रभाताईची मुलगी, लेस्टरमध्येच जन्मलेली, तेव्हा सतरा वर्षांची. आईनं आजीपासून काही लपवलंय, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. सुप्रभाताई कामावर परत गेली त्याच शनिवारी शाल्मली आजीला म्हणाली, “चल आजी, सरप्राइज! आईची काउंटर बघू आपण. ती इथे एकदम फेमस आहे.”

मी तेव्हा फार्मसीच्या दारात उभी होते. नऊवारीतली म्हातारी आणि जीन्समधली नात हातात हात घालून येताना बघितल्या आणि मी घाईनं पायरी उतरले. मी काही करायच्या आत त्या आत शिरल्या होत्या.

सुप्रभाताई एका नवरीचा चुडा भरत होती. मान खाली होती. तिला आधी आईची पावलं दिसली असावीत, कारण मान वर करायच्या आधीच तिचे हात थांबले.

द्वारकाबाई काउंटरकडे बघत राहिल्या. रंगवार लावलेल्या बांगड्यांच्या रांगा, मापाच्या चिठ्ठ्या, लेकीच्या बोटाला चिकटवलेली पट्टी.

“ह्याच्यासाठी शिकीवलं व्हय तुला?” त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. मग वळून बाहेर गेल्या. शाल्मली गोंधळून मागोमाग धावली. सुप्रभाताईनं नवरीचा दुसरा हात पूर्ण भरला, कारण अर्धा हात सोडून उठायचं नसतं.

दोन दिवस द्वारकाबाई लेकीशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना बोलल्या. हे मला सुप्रभाताईनं जसंच्या तसं सांगितलं.

“माझी बोटं बघ,” आई म्हणाली. बोटांवर पांढऱ्या, बारीक रेषा होत्या, पन्नास वर्षांच्या काचेच्या. “तुझी अशी होऊ न्हाईत म्हनून मी मेले. आन तू परदेशात येऊन त्येच करतीस? आन मला खोटं सांगतीस?”

“खोटं सांगितलं ते चुकलं, आई. भीती वाटली.”

“कशाची?”

“तुझे कष्ट मी मातीत घातले असं तुला वाटेल याची.”

“मंग? घातलेस न्हाईत?”

सुप्रभाताई म्हणाली, “तू शनिवारी दिवसभर माझ्या शेजारी बस. खुर्ची देते. संध्याकाळी सांग, मातीत घातले का ते. तू म्हणशील तर मी दुसरं काम बघीन.”

द्वारकाबाईंनी कप बशीत ठेवला. “बघू,” म्हणाल्या.

शनिवारी त्या खरंच आल्या. हंसाबेननी त्यांच्यासाठी आतली गादीची खुर्ची बाहेर काढून ठेवली होती. जूनचा पहिला आठवडा, लग्नांचे दिवस. सकाळी दहापासून रांग होती. द्वारकाबाई हाताची घडी घालून बसल्या होत्या. बायका येत होत्या, “सुप्रभाआंटी, माय टर्न?” विचारत होत्या, समोर खुर्चीवर बसून हात पुढे करत होत्या. द्वारकाबाईंना इंग्रजीचा शब्द कळत नव्हता. पण गिऱ्हाईक आपल्या पायांनी चालत कासारणीकडे येतंय, आपली पाळी यायची वाट बघतंय आणि जाताना नमस्कार करतंय, हे कळायला इंग्रजी लागत नाही.

तासाभरानं त्या पुटपुटायला लागल्या. “माप चुकलं तुझं. ह्या पोरीला एक माप खालची बसंल.” बसली. “अंगठ्याकडनं न्हाई, करंगळीकडनं घे.” घेतली.

दुपारी एक नवरी आली, तिची हाडं रुंद आणि हात ताठ. भीतीनं मूठ आवळलेली. सुप्रभाताईनं दोनदा प्रयत्न केला आणि कळ येऊन तिचा स्वतःचाच चेहरा आक्रसला. तिच्या उजव्या अंगठ्याच्या सांध्यात गेलं वर्षभर दुखत होतं. मीच तिला चोळायचं जेल देत होते आणि जीपी डॉक्टरकडे जा म्हणून मागे लागत होते. द्वारकाबाईंनी ते बघितलं. काही न बोलता त्यांनी आपली खुर्ची पुढे ओढली आणि लेकीच्या हातातून नवरीचा हात काढून घेतला.

“आजी, तुझा बोट किती स्ट्राँग आहे!” शाल्मली ओरडली.

“माजं बोट,” आजीनं मान वर न करता दुरुस्त केलं. सगळ्या हसल्या. त्या हसण्यात नवरीची मूठ सुटली. द्वारकाबाईंनी डझनभर बांगड्या चढवल्या, एकही न पिचता. नवरीची आई म्हणाली, “व्हॉट अ लेडी,” आणि वाकून नमस्कार केला. द्वारकाबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

चारच्या सुमाराला मधुमतीकाकू आल्या. आता चौऱ्याऐंशीच्या, काठी टेकत. दर दोन-तीन महिन्यांनी त्यांना नवीन रंग लागायचा. द्वारकाबाईंनी, आता धंद्यावरच बसल्यासारखं, त्यांचा हात घेतला आणि कासारणीच्या नेहमीच्या प्रश्नांना सुरुवात केली.

“लेकरं किती?”

“दोन मुलगे.”

“आन मालक?”

“ते जाऊन वीस वर्षं झाली,” काकू म्हणाल्या. “तो निळा द्या हो, मोरपंखी.”

द्वारकाबाईंचा हात जागीच राहिला. सुप्रभाताईनं मला सांगितलं, तिला त्या क्षणी खेड्यातली ती ओसरी दिसली आणि आई पेटी बंद करणार याची तिला खात्री वाटली. रांगेत चार बायका उभ्या होत्या. कुणाला काही कळलं नव्हतं.

“तुमच्यात चालतं?” द्वारकाबाईंनी हळू आवाजात विचारलं.

“आमच्यात म्हणजे कुणात?” काकू म्हणाल्या. “मी घालते. तुमच्या लेकीनं आठ वर्षांपूर्वी पहिल्यांदा भरल्या. दोन जणींना ते नाही रुचलं. त्यातली एक आता माझ्याबरोबर येते.”

द्वारकाबाई बराच वेळ काकूंचा तळवा चोळत राहिल्या, जरुरीपेक्षा जास्त. मग त्यांनी मोरपंखी बांगडी उचलली. भरून झाल्यावर काकूंनी त्यांच्या ओक्याबोक्या मनगटांकडे बघितलं आणि सरळ विचारलं, “आणि तुमच्या हातात का नाहीत? अख्ख्या गावाला बांगड्या भरल्यात तुम्ही.”

“आता ह्या वयात कशाला,” द्वारकाबाई म्हणाल्या आणि पुढच्या बाईला खूण केली.

संध्याकाळी बसमध्ये सुप्रभाताईनं विचारलं, “मग? मातीत घातले?”

आई खिडकीबाहेर बघत होती. सोनारांची दुकानं, मिठाईवाले, फुटपाथवर खुर्च्या टाकून बसलेले म्हातारे. “मला वाटायचं, हे काम हलकं हाय,” ती म्हणाली. “काम न्हवतं हलकं. मी उन्हात फिरत हुते, ते जड हुतं.” मग जरा थांबून म्हणाली, “त्या अंगठ्याला डाक्टर बघ.”

पुढचे साडेतीन महिने द्वारकाबाई आठवड्यातून दोन दिवस काउंटरशी बसल्या. त्यांना हंसाबेन आवडल्या. एक मराठी बोलायची, दुसरी गुजराती, आणि दोघींचं तासन्‌तास जमायचं.

निघायच्या आदल्या रविवारी, नाश्ता झाल्यावर, त्यांनी लेकीला हाक मारली आणि जमिनीवर बैठक मारली. समोर कागदाची पुडी होती. त्यांनी स्वतःच काउंटरवरून निवडून आणलेली. आमसुली रंगाच्या, साध्या, बिननक्षीच्या आठ बांगड्या.

“भर,” म्हणाल्या. “पर माज्या हाताला लागता कामा न्हाई.”

सुप्रभाताईनं आयुष्यात आईचा हात असा कधी धरला नव्हता. बोटं वाकडी झाली होती, पेरं सुजली होती. ती म्हणते, “हजारो हात भरले असतील मी. पण त्या दिवशी मला घाम फुटला.” शशिकांत आणि शाल्मली दारात उभे होते. आई सूचना देत होती, अंगठा दाब, घाई नको, श्वास घे. आठच्या आठ गेल्या. द्वारकाबाईंनी हात उजेडात धरून बघितला आणि मग आपल्याच लेकीला, कासारणीला करतात तसा, नमस्कार केला. सुप्रभाताई उठून बाथरूममध्ये गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

बार्शीत काय झालं, ते द्वारकाबाईंनी फोनवर सांगितलं. भावकीतल्या एकीनं नाक मुरडलं. शेजारच्या एका बाईनं, तिचेही यजमान गेलेले, दार लावून घेऊन हळूच विचारलं, “कुठल्या रंगाच्या आहेत गं तुझ्याकडे?” त्या बाईला द्वारकाबाईंनी त्याच दिवशी भरल्या. आता तशा पाच-सहा जणी आहेत.

गेल्या वर्षी हंसाबेननी दुकानाचं काम अर्ध्यावर आणायचं ठरवलं. मुलगा डेंटिस्ट, सून वकील, कुणालाच साड्यांत रस नाही. रस्त्यावरची अशी बरीच दुकानं गेल्या काही वर्षांत डेझर्टची किंवा मोबाइलची झाली. हंसाबेननी मधे भिंत घातली आणि रस्त्याकडची अर्धी बाजू सुप्रभाताईला भाड्यानं दिली. वैभवीनं, ती आता दोन मुलांची आई आहे, तिला वेबसाइट करून दिली. शाल्मली कॉव्हेंट्रीला शिकायला गेली, पण पाटीचं डिझाइन तिचंच. इंग्रजीत, गुजरातीत आणि खाली मराठीत: ‘सुप्रभा कासार, काचेच्या बांगड्या भरून मिळतील.’ मराठी ओळ पाटीवाल्यानं पहिल्यांदा चुकवली, ‘भरुन’ असा ऱ्हस्व काढला. सुप्रभाताईनं ती परत करून घेतली. त्या अंगठ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. तोपर्यंत तिनं दोन बायकांना शिकवायला घेतलंय, एक सुरतची आणि एक नेपाळची. दोघींच्या हातून अजून बांगड्या फुटतात.

दुकान उघडल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी चहा घेऊन तिथे बसले होते. बाहेर झिमझिम पाऊस होता, गिऱ्हाईक नव्हतं. दार ढकलून एक गोरी बाई आत आली, पन्नाशीची, उंच, बस ड्रायव्हरच्या गणवेशात. म्हणाली, तिची बस या समोरच्या स्टॉपवर थांबते आणि गेली कित्येक वर्षं ती सिग्नल हिरवा होईपर्यंत खिडकीतून बायकांना हात पुढे करून बसलेलं बघते. आत यावं असं रोज वाटायचं. आज तिची ड्यूटी लवकर संपली.

“माझे हात फार मोठे आहेत,” ती म्हणाली. “माझ्या मापाच्या असतात का?”

सुप्रभाताईनं तिच्या हातांकडे एकदा बघितलं, माप डोळ्यांनीच घेतलं, आणि मागच्या फळीकडे वळत म्हणाली, “बसा. आधी रंग सांगा.”